तक्त्यातली पहिली शाळा

बदली होऊन पुण्यात आलेली माणसं आधी घर शोधतात असा कुणाचा समज असेल, तर त्याला लहान मूल नसावं. मूल असलेला माणूस आधी शाळा शोधतो. शाळा मिळाली की तिच्या आसपास घर, घराच्या आसपास किराणावाला, आणि उरलेल्या अंतराला तो नोकरी म्हणतो. योगेश गावंडे हे सगळं पुण्यात पाऊल टाकायच्या आधीच, मूर्तिजापुरात बसून शिकला होता. तो कुठेही जाण्याआधी इंटरनेटवर वाचून जायचा. देवदर्शनालासुद्धा.

२००६ सालच्या जानेवारीत त्याला खराडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. हे काम त्याच्या स्वभावाला इतकं जुळलेलं होतं की घरीही तो ते करायचा, तिथे मात्र बिनपगारी. त्याची बायको दीपमाला मूर्तिजापूरच्या एका शाळेत बारा वर्षं पहिली-दुसरीला शिकवत होती. नवऱ्याच्या नोकरीसाठी तिनं आपली सोडली. तिला तसं कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. आपल्याकडे अशा गोष्टी ठरतात त्या अशाच. निरोपाला शाळेनं तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता कुठेच वेळेवर जायचं नव्हतं तिला घड्याळ देण्याची कल्पना हेडमास्तरांची होती.

मुलगी सोनू सहा वर्षांची. जूनमध्ये पहिलीत जाणार. सगळा घोळ तिच्यासाठी चाललेला होता, म्हणून तिला त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

कंपनीनं दीड महिना राहायला खराडीत दोन खोल्या दिल्या होत्या. खिडकीतून एका बाजूला काचेची इमारत दिसायची आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. त्या दोन खोल्यांत योगेशनं तक्ता केला. सत्तावीस शाळा आणि चौदा रकाने. प्रत्येक शाळेपुढे तिचा भाग, म्हणजे शाळा निवडली की राहायचा भागही आपोआप निवडला जाईल. मैदान, तरणतलाव, संगणक, परीक्षा मंडळ, बाईंचं इंग्रजी, ऑफिसपासूनचं अंतर, आसपासची वस्ती, वेबसाइट आहे की नाही, आणि शेवटी 'एकंदर वाटणं' नावाचा एक रकाना, जो तो शाळेच्या वेबसाइटवरचे फोटो बघून भरायचा. कुठल्याही शाळेच्या दारात तो अजून गेलेला नव्हता. दारात गेलं की माणसाचं मत बनतं, आणि मत बनलं की निर्णय चुकतो, असं त्याचं म्हणणं होतं.

दीपमालानं एकदा विचारून पाहिलं की यात बारा वर्षं शाळेत घालवलेल्या माणसासाठी एखादा रकाना ठेवता येईल का. योगेश हसला नाही, उलट त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला की त्याचं मोजमाप कसं करणार, ते ठरत नाही. एवढ्यावर तो विषय संपला.

तक्ता अजून पुरा व्हायचा होता, पण तोवरच्या गुणांत पुढे असलेल्या दोन शाळांत मुलाखती झाल्या. मुलाखत सोनूची. पहिल्या शाळेत गार खोलीत एका बाईंनी तिच्यापुढे प्लॅस्टिकचं संत्रं धरलं आणि हे काय आहे ते इंग्रजीत विचारलं. सोनू विदर्भातली. तिनं सांगितलं की हे संत्रं आहे, पण खोटं आहे, आणि खरं पाहिजे असेल तर तिच्या आजीकडून पेटी मागवता येईल. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. ते पानभर नव्हतं, दोनच शब्द होते. मग आईचं शिक्षण विचारलं. दीपमालानं डी.एड. सांगितलं. तेव्हा बाई 'ओह' म्हणाल्या. त्या एका 'ओह'मध्ये त्यांनी दीपमालाची बारा वर्षं गुंडाळून कोपऱ्यात ठेवली.

परत येताना स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसलेली सोनू बराच वेळ गप्प होती. गप्प बसणं तिच्या तब्येतीला मानवत नसे. येरवड्याच्या सिग्नलला तिनं मान वळवून विचारलं, "आई, मी नापास झाले का?"

बारा वर्षांत दीपमालानं पाचेकशे मुलं पहिलीत घेतली होती. त्यातली काही रडत आली, काही पँट ओली करून आली, एकजण तर कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. पण पहिलीत यायच्या आधीच नापास झालेलं मूल तिनं पाहिलं नव्हतं. ते तिच्याच घरात निघालं.

"नाही," ती म्हणाली. "तुझी अजून शाळाच सुरू झाली नाही."

योगेश पुढून म्हणाला की त्या शाळेचा तोंडी परीक्षेचा निकाल दहा दिवसांनी मेलवर येतो.

त्या दिवसानंतर दीपमालानं आपली पद्धत सुरू केली. पद्धत जुनी होती, तिच्या पहिल्या हेडबाईंनी शिकवलेली. शाळा भरताना बघू नये. भरताना सगळ्याच शाळा सारख्या दिसतात, मुलं धुतलेली असतात आणि आया दमलेल्या. शाळा सुटताना बघावी. योगेश ऑफिसला गेला की ती सोनूला घेऊन पीएमटीच्या बसनं निघायची आणि घंटेच्या आधी पाच मिनिटं शाळेच्या समोर, रस्त्यापलीकडे उभी राहायची. तोवरच्या गुणांत तिसऱ्या असलेल्या शाळेतून मुलं रांगेत आली. ओठांवर बोट. बसच्या नंबराप्रमाणे उभी राहिली, नंबराप्रमाणे चढली. तीनशे मुलं सुटली आणि आवाज आला तो फक्त बसच्या इंजिनाचा. शेजारी उभे असलेले एक आजोबा कौतुकानं म्हणाले, काय शिस्त आहे. दीपमालाला वाटलं, शिस्त आहे खरी, पण दिवसभरात यांना कुणाला काही सांगावंसं वाटेल असं घडलेलं दिसत नाही.

अशा नऊ शाळा झाल्या. दहावी बिबवेवाडीत होती. ती बघून झाली, जशी असायची तशीच निघाली, आणि दोघी परतीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभ्या होत्या. थांब्यामागे एक बैठी शाळा होती. पाटी इतकी पुसट की नाव वाचायला तिच्या अगदी खाली जाऊन उभं राहावं लागलं. आनंदीबाई दत्तोबा बोराटे प्राथमिक शाळा. आवारात एक चाफा, त्याच्याखाली पाण्याची टाकी. घंटा झाली आणि मुलं बाहेर आली ती अशी, की बसथांब्यावरची माणसं दोन पावलं मागे सरली. कुणाचा मोजा हातात, कुणाची पिशवी डोक्यावर. चारेकशे मुलं एकाच वेळी बोलत होती. दीपमाला टाचा उंचावून बघत राहिली, कारण तिला जे बघायचं होतं ते अजून यायचं होतं.

मग ते आलं. फाटकापर्यंत पोचलेली एक मुलगी थबकली, आईचा हात सोडून उलटी पळत गेली, पायरीवर उभ्या असलेल्या बाईंच्या पदराला धरून काहीतरी सांगितलं आणि तशीच पळत परत आली. पाठोपाठ एक मुलगा. मग आणखी दोघं. घरी जाता जाता बाईंना सांगायचं राहून गेलं म्हणून परत वळणारी मुलं. बारा वर्षांत दीपमालानं शाळा ओळखायची दुसरी खूण शोधली नव्हती, तिला गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आत गेली. मुख्याध्यापिका नीरजाबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, समोर खडूंचा खोका. शिकवायचं मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत. संगणक दोन, दोन्ही झाकलेले. दीपमालानं मुलाखत कधी असते ते विचारलं.

"कुणाची?"

"मुलीची."

"सहा वर्षांच्या मुलीला विचारायचं काय?" नीरजाबाई म्हणाल्या. "डब्यात काय आवडतं ते जूनमध्ये कळेलच. दाखला आणा जन्माचा."

योगेशला तिनं हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वेबसाइट विचारली. वेबसाइट नव्हती. तरणतलाव नव्हता. ऑफिसपासून अंतर पंधरा किलोमीटर. तरी बायकोचं मन राखावं म्हणून तो म्हणाला, "टाक तक्त्यात. अठ्ठाविसावी. टिकणार नाही, पण टाक." योगेश वाईट नवरा नव्हता. तो फक्त प्रत्येक गोष्ट तक्त्यात आली की न्याय झाला असं समजायचा.

आणि इथे त्यानं चूक केली. तक्ता पुरा करायच्या दिवशी ऑफिसात काहीतरी पेटलं आणि त्याला यायला उशीर होणार होता. लॅपटॉप घरी राहिलेला. त्यानं फोन करून सांगितलं की शेवटच्या दोन रकान्यांतले गुण वहीतून भर, बेरजा कर, आणि बेरजेप्रमाणे जास्त ते कमी असा क्रम लावून ठेव. "एमएससीआयटी झालंय ना तुझं?"

झालं होतं. महाराष्ट्रातल्या तमाम मास्तर-मास्तरणींबरोबर सक्तीनं झालं होतं, चौऱ्याऐंशी टक्क्यांनी. क्लासमधले सर एक गोष्ट तीन-तीनदा सांगायचे, की क्रम लावताना अख्खा तक्ता निवडा. नुसता बेरजेचा रकाना निवडलात तर बेरजा तेवढ्या वर-खाली होतील आणि नावं जागच्या जागी राहतील. म्हणजे एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर. असं करायला गेलं तर संगणक स्वतः विचारतो, नक्की का, म्हणून. तेव्हा 'नाही' म्हणा.

दीपमालानं गुण भरले. प्रामाणिकपणे भरले. बेरजा केल्या आणि सूत्रं काढून नुसते आकडे ठेवले. आनंदीबाई बोराटे शाळा अठ्ठावीसात सव्विसावी येत होती. नावं इंग्रजी अक्षरक्रमानं लावलेली होती, योगेशला ए पासून झेडपर्यंत सगळं जागच्या जागी लागायचं. आणि आनंदीबाईंचं नाव ए वरून, म्हणून सगळ्यात वरती.

सोनू शेजारच्या खोलीत बाहुलीला शिकवत होती. बाहुलीपुढे तिनं रंगाची डबी धरली होती आणि इंग्रजीत विचारत होती, हे काय आहे. बाहुली गप्प होती. सोनूनं कागदावर काहीतरी लिहिलं.

दीपमालानं बेरजेचा रकाना निवडला. संगणकानं विचारलं, नक्की का. ती हो म्हणाली.

बारा वर्षांत तिनं कुठल्याही मुलाचा एक गुण इकडचा तिकडे केला नव्हता, सरपंचाच्या नातवाचासुद्धा. केला तो आता, एकदम अठ्ठावीस शाळांचा.

योगेशनं आल्या आल्या फक्त सगळ्यात वरचं नाव आणि त्यापुढची बेरीज बघितली. पहिला क्रमांक बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. दीपमाला पोळ्या लाटत होती, तिनं लाटणं थांबवलं. त्याची नजर एकदा त्या आडव्या रांगेवर गेली असती तर तरणतलावाचं शून्य दिसलं असतं, आणि खाली गेली असती तर ए ते झेड तशीच राहिलेली नावं. पण तो तक्ता स्वतःचा होता, आणि स्वतःचं काम तपासायची योगेशला सवय नव्हती. ते काम कंपनीत दुसऱ्यांचं असतं.

"डेटा असा बोलतो बघ," तो शेवटी म्हणाला. "आपल्याला वाटत नाही, पण डेटाला माहीत असतं." पुढच्या पाव तासात त्यानं बिबवेवाडीचे सहा फायदे स्वतःच शोधून काढले आणि तिला समजावून सांगितले. त्यातले चार तिनंच त्याला आधी सांगितलेले होते.

घर मिळालं ते श्याम साठ्यांचं. श्यामराव बँकेतून निवृत्त झालेले आणि सदाशिव पेठेत राहणारे. स्वारगेटच्या पलीकडे ते आयुष्यात दोनदा गेले होते, त्यातलं एकदा हा फ्लॅट घ्यायला. बिबवेवाडीला ते अजूनही बाहेरगाव म्हणत. सोनूची घेतली गेली त्याहून कडक मुलाखत त्यांनी योगेशची घेतली. भिंतीत खिळे ठोकणार का, पाहुणे किती येतात आणि किती लवकर जातात, इथपासून. मग विचारलं की सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे नक्की करता काय.

"दुसऱ्यांच्या चुका शोधतो," योगेश म्हणाला.

"त्याचे पैसे देतात?" श्यामरावांनी चष्मा पुसला. "आम्ही जन्मभर फुकट केलं."

मूर्तिजापूरला योगेशच्या आईला, गोदाबाईंना, फोन केला. त्यांनी शाळेचं नाव विचारलं नाही, भाग विचारला नाही. "नळ रोज येते का?" एवढंच विचारलं. खडकवासल्याचं पाणी रोज येतं म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग झालं नं. शाळा त कोठीबी असते."

पुढचं वर्ष फार चांगलं गेलं, आणि चांगल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नसतं. सोनूचं बोलणं पुन्हा सुरू झालं आणि थांबेना. तिच्या बोलण्यातलं वऱ्हाडी वर्गानं उचललं, बाईंनीही थोडं उचललं. कुणी शिक्षिका रजेवर असली की नीरजाबाई दीपमालाला बोलावून घ्यायच्या, आणि ती चाफ्याखाली दुसरीचा वर्ग घ्यायची. भिंतीवरचं घड्याळ तिनं खोक्यातून काढून लावलं. श्यामरावांच्या परवानगीनं, एकाच खिळ्यावर. चार वाजता ती फाटकाशी उभी राहायची. सोनू यायची, हात धरायची, आणि आठवड्यातून तीनदा तरी तो सोडून परत आत पळायची. योगेशला यातलं काही दिसत नव्हतं. तो त्या वेळी खराडीत असायचा, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्यावर सोनूकडून सगळं एका दमात ऐकायचा. ऐकताना तो खूश दिसायचा. डेटा बरोबर होता.

बिघडलं ते आमोदमुळे. आमोद योगेशच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. जन्म नारायण पेठेतला, त्यामुळे पुण्यात काय चांगलं आहे याबद्दल त्याला शंका नव्हती, फक्त ते परवडत नव्हतं. त्याचा मुलगा पहिलीत जायचा होता. बिबवेवाडी म्हटल्यावर त्यानं आधी नाक मुरडलं. मग योगेशनं त्याला तक्ता पाठवला. चौदा रकाने, अठ्ठावीस शाळा, दशांशापर्यंत बेरजा. आमोद अभियंता होता. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर त्यानं विश्वास ठेवला नसता, पण दशांशचिन्हापुढे त्यानं हात टेकले. त्यानं तो तक्ता आपल्या ओळखीच्या चाळीस जणांना पाठवला, त्या चाळिसांनी पुढे पाठवला. दिवाळीपर्यंत खराडी, हडपसर, औंध इथल्या कंपन्यांत तो फिरत होता. कुणीतरी त्याला रंग दिले. पहिली ओळ सोनेरी केली.

पुढच्या जानेवारीत बिबवेवाडीत चारचाकी गाड्या वाढल्या. शनिवार-रविवारी जोडपी छापील तक्ते हातात घेऊन गल्ल्यांतून हिंडू लागली. अठ्ठावीस शाळांत पहिली आलेली शाळा त्यांना सापडायची नाही, कारण ती समोर असायची. श्यामरावांचा फोन आला. योगेशच्या शेजारच्या रिकाम्या फ्लॅटसाठी नऊ जण येऊन गेले होते, सगळे संगणकवाले. "तुम्ही आमच्या भागाबद्दल काही अफवा पसरवलीत का?" त्यांनी विचारलं. वर्षभरात बिबवेवाडी 'आमचा भाग' झालेली होती.

शाळा चालवणारे रामदासशेठ बोराटे हे दत्तोबांचे नातू. आजीच्या नावाच्या शाळेत ते वर्षातून एकदा, झेंडावंदनाला यायचे. त्या वर्षी फाटकाबाहेर गाड्यांची रांग बघून ते दुसऱ्यांदा आले, आणि मग रोज येऊ लागले. लोक जे मागत होते ते शाळेत नव्हतं, आणि जे होतं ते कुणी मागत नव्हतं. शेठ व्यवहारी होते. एका वर्षात त्यांनी सगळं जुळवून आणलं. शाळेचं नाव फ्रँजिपानी ग्लोबल स्कूल झालं. फ्रँजिपानी म्हणजे चाफा. नावात आला, म्हणून आवारातला काढला. तिथे स्कूलबस वळवायला जागा हवी होती. मुलांना टाय आले. पाण्याच्या टाकीच्या जागी निळ्या फरशीचा चार फुटी हौद झाला, त्याला तरणतलाव म्हणायचं ठरलं. वेबसाइट आली, तिच्यावर चाफ्याचा फोटो. नीरजाबाईंनी पहिलीच्या मुलाखती घ्यायला नकार दिला आणि राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. दीपमालानं रजेच्या जागेबद्दल नव्या ऑफिसात विचारलं, तेव्हा तिथल्या मुलीनं तिचं शिक्षण विचारलं आणि 'ओह' म्हणाली.

योगेशला मात्र हर्ष झाला होता. आता खरंच बेरीज काढली तर शाळा पहिली आली असती.

दीपमालानं सात-आठ महिने काढले. सोनू तिसरीत होती. घरी आल्यावर ती काय झालं ते सांगायची, पण विचारल्यावर, आणि प्रश्नाएवढंच. एका शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर दीपमाला हात पुसत बाहेर आली आणि उभ्यानंच म्हणाली, "अहो, तो तक्ता चुकलेला होता. मी मुद्दाम चुकवला होता. नुसत्या बेरजांचा क्रम लावला."

योगेशनं पेपर खाली केला. तिला वाटलं होतं तो चिडेल, आणि तिनं त्यासाठी दोन वर्षं उत्तरं तयार ठेवली होती.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "आमोदला पाठवल्यावर आठ दिवसांनी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"चाळीस जणांकडे गेलेला होता. त्यांना काय सांगू, माझाच तक्ता चुकला म्हणून? मी टेस्टर आहे, दीपा." मग म्हणाला, "शिवाय सोनू छान बोलायला लागली होती. म्हटलं, निकाल बरोबर आहे, कशाला उकरा."

दीपमाला खुर्चीवर बसली. तिला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. तिनं खोटं केलं ते एका मुलीसाठी. त्यानं ते झाकलं ते एका नावासाठी. दोघांनी मिळून, एकमेकांना न विचारता, बिबवेवाडीतला एक चाफा तोडला होता. आठव्या दिवशी त्यानं एक मेल पाठवली असती तर तो अजून उभा असता, आणि त्याच्याखाली दुसरीचा वर्ग.

"सोमवारी रजा काढा," ती म्हणाली. "चार वाजता माझ्याबरोबर यायचं आहे."

सोमवारी ती त्याला शाळेसमोर, बसथांब्यावर घेऊन गेली. तक्ता करून दोन वर्षं उलटून गेली होती आणि योगेश त्या शाळेच्या दारात सुटायच्या वेळी पहिल्यांदा उभा होता. घंटा झाली नाही, संगीत वाजलं. मुलं रांगेत आली. सोनू तिसऱ्या रांगेत होती, टाय घट्ट, ओठांवर बोट. योगेशनं हात हलवला. सोनूनं बघितलं आणि नजर पुढे केली.

"तिनं आपल्याला पाहिलं नाही," योगेश म्हणाला.

"पाहिलं. पिवळ्या पट्ट्यापर्यंत बोट काढायचं नसतं."

सोनू पिवळ्या पट्ट्यापर्यंत आली. बोट काढलं. "बाबा आज कसे?" एवढं विचारलं आणि चालू लागली. मागे वळून तिनं बघितलं नाही, बघण्यासारखं कुणी नव्हतं. योगेशनं तिची पिशवी घेतली. जिन्यात पोचल्यावर त्यानं दोनदा चष्मा पुसला.

घरी आल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. त्याच्या दुःखाची तीच तऱ्हा होती. नीरजाबाई आता कुठे आहेत, त्यानं विचारलं. दीपमालाला माहीत होतं. दुसऱ्या एका जुन्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन गेल्या होत्या, जिची पाटी याहून पुसट होती. आधीच्या आठवड्यात चार वाजता दीपमाला तिथे दोनदा उभी राहून आली होती. त्या भागाचं नाव इथे देत नाही. दीपमालाची तशी तंबी आहे.

योगेशनं तक्ता उघडला आणि एकोणतिसाव्या ओळीत त्या शाळेचं नाव लिहायला घेतलं. दीपमालानं झाकण खाली केलं, त्याची बोटं सांभाळून.

"ही ओळ घालायची नाही."

"मग ठरवायचं कसं?"

"मी बघून आले आहे," ती म्हणाली.

योगेश झाकणाकडे बघत बसला. तिची शाळेतली बारा अधिक फाटकाबाहेरची दोन वर्षं, त्यानं मनात मोजलं असावं. मग त्यानं मान डोलावली. तेवढ्यात फोन वाजला. आमोद होता. त्याचा मुलगाही याच शाळेत होता, तो हल्ली बोलत नाही म्हणाला, बायको सुरुची रोज भांडते म्हणाला, आणि कुणीतरी आज गावंड्यांना दोघांनाही शाळेसमोर उभं पाहिलं, म्हणजे ते शाळा बदलणार, तर नवा तक्ता झाला असेल तर पाठव. योगेशनं दीपमालाकडे बघितलं. तिच्या तोंडावरची रेष हलली नाही.

"आम्ही कुठे जातोय?" योगेश फोनवर म्हणाला. "पहिल्या नंबरची शाळा सोडून कुणी जातं का?"

पुण्यात येऊन अडीच वर्षं झाली होती. त्या दिवशी तो पुणेकर झाला.

फोन ठेवल्यावर दीपमालाला आमोदच्या मुलाचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याचं नाव काय होतं ते मात्र तिनं आठवून बघितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये नव्या शाळेचा पहिला दिवस संपला तेव्हा दीपमाला फाटकाशी उभी होती. मुलं आली, माणसं मागे सरली. सोनू पिशवी एका खांद्यावर टाकून आली, तिनं आईचा हात धरला, चार पावलं चालली, आणि हात सोडून उलटी आत पळाली. दीपमालानं आधी रस्त्यावर ओळखीची कुठली गाडी उभी नाही ना ते पाहून घेतलं, आणि मग हसली.